कोणाच्या हिशोबानं?

"हल्क होगननं आंद्रे द जायंटला पहिल्यांदा उचलून आपटलं ते १९८७ च्या रेसलमेनियात. बरोबर की चूक?"

आमच्या घोळक्यात नवा माणूस आला की माझा मावसभाऊ हाच प्रश्न टाकतो. नवा माणूस खूश होतो, कारण हे त्याला पाठ असतं. रेसलमेनिया म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकन रेसलिंग कंपनीचा वर्षातला सगळ्यात मोठा कार्यक्रम. २९ मार्च १९८७, डेट्रॉइटजवळचं पॉन्टियॅक, सिल्व्हरडोम स्टेडियम. पंधरा वर्षं एकदाही न हरलेला आंद्रे. होगन त्याला उचलतो, पाठीवर आदळतो, वरून लेग ड्रॉप घालतो, म्हणजे उडी मारून पाय अंगावर टाकतो, आणि पंच तीन मोजतो. हे दृश्य बघितलं नाही असा रेसलिंगवेडा माणूस मला अजून भेटायचाय.

तर उत्तर आहे, चूक. ९ ऑगस्ट १९८० ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये याच होगननं याच आंद्रेला उचलून आपटलं होतं. तेव्हा होगन खलनायक होता, आंद्रे लोकांचा लाडका होता, आणि ती कुस्ती आंद्रेनं जिंकली. "पंधरा वर्षं न हरलेला" हेही तसं नाही. मेक्सिकोत कानेकनं त्याला चितपट केलं होतं. जून १९८६ मध्ये, म्हणजे रेसलमेनियाच्या जेमतेम नऊ महिने आधी, जपानमधल्या नागोयात अँटोनियो इनोकीनं त्याचा हात असा पिरगाळला की आंद्रेनं हार कबूल केली. त्या काळात अमेरिकेतल्या प्रेक्षकाला जपानची कुस्ती दिसत नव्हती, म्हणून समालोचकाला तसं म्हणता आलं.

आता नवा माणूस म्हणतो, "पण कंपनीच्या हिशोबानं तर माझंच उत्तर बरोबर ना?" हा प्रश्न ज्यानं विचारला तो आमचा झाला. बाकीची माहिती हळूहळू येते.

मी सांगलीत औषधांचं दुकान चालवते. गल्ल्याच्या खणात बिलबुकाखाली एक लांबट वही असते, तिच्यात मी रेसलिंगचे प्रश्न लिहून ठेवते. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ. डावीकडे निळ्या शाईनं पडद्यावरचं उत्तर, उजवीकडे लाल शाईनं पडद्यामागचं. काही प्रश्नांना एकच बाजू भरते. ते प्रश्न मला फारसे आवडत नाहीत. पहिली रॉयल रंबल, म्हणजे दोरावरून बाहेर पडला तो बाद अशी अनेकांची एकत्र लढत, कोण जिंकलं? जिम डगन, जानेवारी १९८८, कॅनडातलं हॅमिल्टन, रिंगमध्ये नेहमीचे तीस नव्हे तर वीसच पैलवान. झालं, संपला प्रश्न. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे, उरलेल्यांना उत्तर ऐकूनही काही मिळत नाही. दोन्ही बाजू भरणारा प्रश्न मात्र तासभर पुरतो.

हे वेड आलं ट्रम्प कार्डांतून. नव्वदच्या दशकात इस्लामपूरला आजोळी मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही सगळी मावस-मामे भावंडं जमायचो आणि माडीवर डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते पिसायचो. रँक, हाइट, वेट, चेस्ट, बायसेप्स, फाइट्स फॉट, फाइट्स वन. हातात योकोझुना हा अगडबंब पैलवान आला की डोळे झाकून "वेट" म्हणायचं आणि समोरच्याचं कार्ड ओढून घ्यायचं. ते आकडे कोण ठरवतं हा विचार तेव्हा कोणाच्या डोक्यात येत नव्हता. छापलंय म्हणजे खरं.

त्याच माडीवर एका वर्षी बातमी आली की अंडरटेकर मेला, आणि आता टीव्हीवर दिसतो तो दुसराच कोणीतरी आहे. ही बातमी महाराष्ट्रभर पसरली होती असं मला नंतर कळलं. लातूरच्या, नाशिकच्या, पनवेलच्या माणसांनीही मला आपापल्या गल्लीतली हीच गोष्ट सांगितलीय. कोणी म्हणे त्याला सात जीव आहेत, कोणी म्हणे जुळा भाऊ आहे. पोरांच्या गप्पा म्हणून ती सोडून देतात, पण तिचं मूळ शोधलं तर सापडतं. जानेवारी १९९४ च्या रॉयल रंबलमध्ये योकोझुनानं बऱ्याच पैलवानांच्या मदतीनं अंडरटेकरला शवपेटीत कोंडलं, पेटीतून धूर निघाला, पडद्यावर त्याची आकृती वर वर जाताना दाखवली. खरं कारण पाठीचं दुखणं होतं, त्याला विश्रांती हवी होती. मग काही महिन्यांनी टेड डिबियासी हा पडद्यावरचा खलनायक एक अंडरटेकर घेऊन आला आणि तो खरोखरच दुसरा होता. ब्रायन ली नावाचा पैलवान, तसाच कोट, तशीच टोपी. २९ ऑगस्ट १९९४ ला शिकागोत समरस्लॅमला खरा आणि खोटा अंडरटेकर एकमेकांशी लढले आणि खरा जिंकला. आमच्याकडे केबलवर तुकड्या-तुकड्यांनी, उशिरानं जे दिसायचं त्यातून पोरांनी जी गोष्ट जुळवली ती तशी बरीच बरोबर होती. एक अंडरटेकर गेला होता, दुसरा आला होता.

माझे वडील, आप्पा, तरुणपणी तालमीत जायचे. हौद्यातली माती अंगाला लागलेला माणूस. टीव्हीवर रेसलिंग लागलं की ते उठून अंगणात जात. "नुरा कुस्ती आहे ही. आधीच ठरलेलं असतं, बघायचं काय?" त्यांचं म्हणणं मी कधी खोडून काढलं नाही, कारण ते खरं आहे. निकाल ठरलेला असतो. पण निकाल ठरलेला असतो म्हणजे काय, हे ज्या दिवशी मी त्यांना नीट सांगू शकले, त्या दिवसापासून ते अंगणात जायचे थांबले. मी त्यांना झिबिस्कोची गोष्ट सांगितली.

गामा पैलवान म्हणजे आप्पांचा देव. १९१० साली गामा लंडनला गेला. उंची जेमतेम पावणेसहा फुटांच्या आत, म्हणून स्पर्धेत कोणी घेईना, तेव्हा त्यानं उघड आव्हान दिलं. अमेरिकेच्या बेंजामिन रोलरला त्यानं लोळवलं आणि मग १० सप्टेंबर १९१० ला जगज्जेत्याच्या जॉन बुल पट्ट्यासाठी समोर आला पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को. पहिल्याच मिनिटात गामानं त्याला खाली घेतलं. झिबिस्कोनं ओळखलं की उभं राहिलो तर गेलो. तो मॅटला जो चिकटला तो अडीच तासांवर तसाच राहिला. गामाला त्याला उलटवता आलं नाही, त्याला गामापुढे उठता आलं नाही. कुस्ती बरोबरीत सुटली, पुन्हा १७ तारखेला ठेवली, आणि त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला. पुढे १९२८ साली पतियाळाला महाराजांनी दोघांची पुन्हा गाठ घालून दिली आणि गामानं त्याला एका मिनिटाच्या आत चितपट केलं.

इथपर्यंत आप्पांना सगळं पाठ होतं. मी विचारलं, "मधल्या अठरा वर्षांत झिबिस्को काय करत होता?"

ते त्यांना ठाऊक नव्हतं. तालमीत ही गोष्ट सांगणाऱ्या कोणालाच ठाऊक नसते, कारण आपल्या गोष्टीत झिबिस्को फक्त हरायला येतो.

झिबिस्को अमेरिकेत होता. तिथली व्यावसायिक कुस्ती १९२० च्या दशकात एका त्रिकुटाच्या हातात गेली होती: पैलवान एड 'स्ट्रँग्लर' लुईस, त्याचा व्यवस्थापक बिली सँडो आणि डोकं चालवणारा टूट्स माँट. तास-तास जमिनीवर चिकटून चालणाऱ्या कुस्त्यांना लोक कंटाळले होते. या तिघांनी वेळेची मर्यादा आणली, उड्या आणल्या, पैलवान पगारावर ठेवले आणि गावोगाव एकच ठरलेला खेळ फिरवायला सुरुवात केली. आज आपण टीव्हीवर बघतो त्याची घडी या तिघांनी बसवली. जानेवारी १९२५ मध्ये त्यांनी ठरवून लुईसला हरवलं आणि पट्टा दिला वेन मन नावाच्या एका धिप्पाड फुटबॉलपटूला. मनला खरी कुस्ती जवळजवळ येतच नव्हती. पण निकाल आपल्या हातात असेल तर त्याला कुस्ती यायची गरज काय, असा त्यांचा हिशोब.

१५ एप्रिल १९२५ ला फिलाडेल्फियात मनपुढे हरण्यासाठी त्यांनी झिबिस्कोला उभा केला. झिबिस्को चाळिशी ओलांडलेला, डोक्यावर केस नाहीत, करार झालेला. घंटा वाजली आणि झिबिस्को हरला नाही. तो खरी कुस्ती खेळला. मनला त्यानं खाली घेतलं, खांदे टेकवले. पंच बघून न बघितल्यासारखं करत होता. त्यानं पुन्हा टेकवले. शेवटी प्रेक्षकांना इतकं स्पष्ट दिसायला लागलं की पंचाला दुसरा पर्याय उरला नाही. पट्टा झिबिस्कोकडे गेला, आणि मेच्या अखेरीस सेंट लुईसमध्ये त्यानं तो जो स्टेकरला, म्हणजे त्रिकुटाच्या प्रतिस्पर्ध्यांच्या माणसाला, सोपवला. सगळं आधीच आतून ठरलेलं होतं, फक्त त्रिकुटाला ठाऊक नव्हतं.

आप्पांनी हातातला अडकित्ता खाली ठेवला. "म्हणजे गामापुढे पडला तो माणूस लेचापेचा नव्हता."

नव्हताच. पंचेचाळिशीच्या घरात असताना ज्यानं अमेरिकेचा विश्वविजेता सगळ्यांदेखत खरोखर उलटापालटा केला, त्यालाच तीन वर्षांनी गामानं मिनिटभरात आकाश दाखवलं. गामा केवढा होता हे समजायचं तर झिबिस्कोला ओळखावं लागतं, आणि झिबिस्कोला ओळखायचं तर त्या "नुरा" कुस्तीचा इतिहास वाचावा लागतो. आप्पांना हे लगेच पटलं. त्यांना पैलवानांची पारख होती, मला फक्त नावं आणि तारखा पुरवायच्या होत्या.

तेव्हापासून माझ्या वहीत एक वेगळा भाग आहे: ठरलेली कुस्ती जिथे फुटली. त्यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रसंग मॉन्ट्रिअलचा. ९ नोव्हेंबर १९९७, सर्व्हायव्हर सिरीज. ब्रेट हार्ट डब्ल्यूसीडब्ल्यू या दुसऱ्या कंपनीत चाललेला, पट्टा त्याच्याकडे, आणि स्वतःच्या देशात, कॅनडात, शॉन मायकल्सपुढे हरायला तो तयार नव्हता. त्याला सांगितलं गेलं की आज निकाल लागणार नाही. मायकल्सनं ब्रेटचाच शार्पशूटर डाव ब्रेटवर लावला आणि मालक विन्स मॅकमॅहननं रिंगशेजारी उभं राहून घंटा वाजवायला लावली. ब्रेटनं हार मानलेलीच नव्हती. तो विन्सच्या तोंडावर थुंकला आणि हवेत बोटानं तीन इंग्रजी अक्षरं काढली, डब्ल्यू, सी, डब्ल्यू.

फिलाडेल्फिया आणि मॉन्ट्रिअल शेजारी ठेवून बघा. १९२५ मध्ये पैलवानानं मालकांना फसवलं, १९९७ मध्ये मालकानं पैलवानाला. मधल्या बहात्तर वर्षांत ताकद कोणाकडून कोणाकडे गेली हे या दोन तारखांत दिसतं. शंभर टायटलची यादी पाठ असलेल्या माणसापेक्षा मला हे जोडून दाखवणारा माणूस मोठा वाटतो. आणि मॉन्ट्रिअलवरचा माझा आवडता प्रश्न ब्रेटवरही नाही, शॉनवरही नाही, पंचावर आहे. तिथे घंटेची खूण करणारा पंच अर्ल हेबनर. ५ फेब्रुवारी १९८८ ला, होगन आणि आंद्रेची जी कुस्ती अमेरिकेत तीन कोटींहून जास्त लोकांनी टीव्हीवर बघितली, तिच्यात होगनचा खांदा वर असताना तीन मोजणारा पंचही अर्ल हेबनरच. गोष्टीत दाखवलं होतं की खरा पंच डेव्ह हेबनर याला कोंडून त्याच्यासारखा दिसणारा तोतया आणला. प्रत्यक्षात ते दोघे जुळे भाऊ. एकाच माणसानं एकदा नाटकात फसवलं आणि एकदा खरोखर फसवलं. आजोळच्या माडीवर जुळ्या भावाची जी अफवा अंडरटेकरच्या नावावर होती, ती पंचांच्या बाबतीत खरी निघाली.

तिसरा प्रसंग कराचीचा, आणि तो पुन्हा गामाच्या घरात आणून सोडतो. १२ डिसेंबर १९७६. इनोकी त्याच वर्षी जूनमध्ये टोकियोत मुहम्मद अलीशी पंधरा फेऱ्यांची विचित्र लढत बरोबरीत सोडवून आला होता. कराचीत त्याच्यासमोर अक्रम पैलवान. गामाचा भाऊ इमामबक्ष, त्याचा हा मुलगा, म्हणजे गामाचा सख्खा पुतण्या. लढत कशी व्हायची यावर दोन्ही बाजूंचं जमलं नाही आणि रिंगमध्ये ती खरी झाली. इनोकीनं अक्रमचा हात मागे पिरगाळून निखळवला. सगळं स्टेडियम सुन्न. तीन वर्षांनी लाहोरला त्याच घराण्यातला तरुण झारा, अक्रमच्या भावाचा मुलगा, इनोकीपुढे उभा राहिला आणि लढत संपल्यावर इनोकीनं स्वतः झाऱ्याचा हात वर केला. आणि याच इनोकीनं झाऱ्याच्या पुतण्याला पुढे शिकायला जपानला नेलं. गामाच्या घरावर प्रश्न काढायचे तर वहीचं एक पान पुरत नाही.

इनोकीवरून आठवलं. आमच्याकडे आकड्यांचे प्रश्न विचारणारा एक पुण्याचा मित्र आहे. "बॉब बॅकलंड चॅम्पियन किती दिवस होता?" उत्तर २१३५ दिवस, २० फेब्रुवारी १९७८ ते २६ डिसेंबर १९८३. मी लगेच विचारते, कोणाच्या हिशोबानं? कारण ३० नोव्हेंबर १९७९ ला जपानमधल्या तोकुशिमात इनोकीनं बॅकलंडला हरवलं होतं. आठवड्यानं पुन्हा कुस्ती झाली, तिच्यात टायगर जीत सिंग मध्ये घुसला, गोंधळ झाला, आणि इनोकीनं असला पट्टा मला नको म्हणून सोडून दिला. अमेरिकेतल्या प्रेक्षकांना यातलं काहीच सांगितलं गेलं नाही. कंपनीच्या यादीत इनोकीचं नावच नाही, म्हणून बॅकलंडचे दिवस सलग मोजले जातात. माझ्या वहीत २१३५ निळ्यात आहे आणि तोकुशिमा लाल शाईत.

हा टायगर जीत सिंग पंजाबातून कॅनडात गेलेला, दातात तलवार धरून रिंगमध्ये येणारा. १९७३ साली टोकियोच्या शिंजुकूत भर रस्त्यावर त्यानं इनोकीवर हल्ला केला, बायकामाणसं बघत असताना. जपानमध्ये त्याचं नाव काढलं की लोक दचकत, आणि कॅनडात ओंटारिओमधल्या मिल्टन गावी त्याच्या नावाची सरकारी शाळा आहे. आपल्याकडे पोरांना खली माहीत असतो, २००७ साली बॅटल रॉयल, म्हणजे अनेकांची एकत्र लढत, जिंकून वर्ल्ड हेवीवेट चॅम्पियन झालेला. जिंदर महालही माहीत असतो, २०१७ मध्ये रँडी ऑर्टनला हरवून डब्ल्यूडब्ल्यूई चॅम्पियन झालेला. पण जिंदरचा काका कोण? कॅल्गरीत स्टॅम्पीड रेसलिंग गाजवणारा गामा सिंग. पुन्हा गामा. हे नाव लंडन, पतियाळा, कराची करत कॅनडाच्या बर्फात पोचलं याचा मला फार आनंद वाटतो.

आता अंडरटेकरचे २१ विजय. रेसलमेनियातली त्याची माळ १९९१ ला जिमी स्नुकापासून सुरू झाली आणि ६ एप्रिल २०१४ ला न्यू ऑर्लिन्समध्ये ब्रॉक लेस्नरनं ती तोडली. हे सगळ्यांना येतं. मधे कुठल्या दोन वर्षी तो रेसलमेनियात लढलाच नाही, हे बऱ्याच जणांना येतं: १९९४ आणि २०००. म्हणून मी विचारते, २१ विजय, पण हरलेली माणसं किती? लोक बोटं मोजायला लागतात. केन दोनदा, शॉन मायकल्स दोनदा, ट्रिपल एच तीनदा. मग कोणीतरी सतरा म्हणतं. पण २००३ साली त्यानं बिग शो आणि ए-ट्रेन या दोघांना एकाच लढतीत हरवलं होतं. उत्तर अठरा. या प्रश्नाला लाल बाजू नाही, तरी तो मला आवडतो, कारण उत्तर शोधताना प्रत्येक जण ती सगळी वर्षं पुन्हा बघून येतो. एकदा माझी मामेबहीण उत्तर देता देता किंग काँग बंडीपाशी थांबली आणि पुढचा अर्धा तास आम्ही १९९५ बद्दलच बोलत होतो.

आणि ब्रुनो सामार्टिनो. त्याच्यावरचा प्रश्न मी नेहमी शेवटी ठेवते. इटलीतल्या पिझ्झोफेराटोचा हा पोरगा दुसऱ्या महायुद्धात आईबरोबर डोंगरात लपून वाचला, अमेरिकेत पिट्सबर्गला आला तेव्हा अंगावर मांस नव्हतं. १७ मे १९६३ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बडी रॉजर्सला त्यानं ४८ सेकंदांत हरवलं आणि पुढचे २८०३ दिवस पट्टा त्याच्याकडे होता. १८ जानेवारी १९७१ ला त्याच गार्डनमध्ये इव्हान कोलॉफनं वरच्या दोरावरून उडी घेतली, पंचानं तीन मोजले आणि सबंध सभागृह गप्प झालं. सामार्टिनो पुढे सांगायचा की त्याला वाटलं आपल्या कानांनाच काहीतरी झालं. लोक रडत होते. दंगा होईल या भीतीनं कोलॉफला रिंगमध्ये पट्टा दिलाच नाही. प्रश्न असा: सामार्टिनोला हरवणारा तो रशियन मूळचा रशियातल्या कुठल्या गावचा? उत्तर, कुठल्याच नाही. कोलॉफ कॅनडाचा होता.

मला या खेळात जे धरून ठेवतं ते इथे आहे. रशियन खोटा होता, निकाल ठरलेला होता, आणि ती शांतता खरी होती. ती कोणी लिहून दिलेली नव्हती. "सगळं खोटं असतं" म्हणणारा माणूस ही शांतता कुठल्या रकान्यात टाकणार? मी ती लाल शाईनं लिहिलीय.

येत्या दिवाळीत इस्लामपूरला सगळे जमणार आहेत, तेव्हाचा माझा प्रश्न तयार आहे. २९ मे १९६८ रोजी कुस्तीचा जगज्जेता कोण होता?

आपल्याकडच्या जुन्या माणसांना ही तारीख चटकन ओळखू येईल. त्या दिवशी मुंबईत दारासिंगनं लू थेझला हरवलं आणि वर्तमानपत्रांनी, रेडिओनं, तालमींनी त्याला जगज्जेता म्हटलं. थेझ हा त्या शतकातला अतिशय मोठा पैलवान, पण तेव्हा त्याचं वय ५२ होतं आणि नॅशनल रेसलिंग अलायन्स या अमेरिकन संघटनेचा पट्टा तो जानेवारी १९६६ मध्येच जीन किनिस्कीला देऊन बसला होता. मे १९६८ मध्ये तो पट्टा किनिस्कीकडेच होता. न्यूयॉर्कवाल्यांना विचाराल तर त्यांचा जगज्जेता सामार्टिनो. मिनेसोटाकडच्यांना विचाराल तर त्यांचा व्हर्न गॅन्ये. एकाच दिवशी पृथ्वीवर चार जगज्जेते आणि प्रत्येकाच्या मागे लाखभर माणसं शपथ घ्यायला तयार.

मावसभाऊ म्हणेल, मग दारासिंगचं नाव निळ्यात लिहायचं की लाल? माझं उत्तर ठरलेलं आहे. पट्ट्याच्या हिशोबानं किनिस्की, सामार्टिनो आणि गॅन्ये, तिघेही निळ्यात. दारासिंगही निळ्यात, चौथा. आणि लाल रकान्यात लिहायचं की ज्या माणसाकडून अमेरिकेतले पैलवान खरी कुस्ती शिकायला धडपडत, तो थेझ बावन्नाव्या वर्षी विमानात बसून मुंबईला आला, आणि दारासिंगला आपल्यावर विजय द्यायला तयार झाला. थेझ खऱ्या पकडीत कोणाचंही हाड मोडू शकत होता, मनात नसतं तर तो पडला नसता. दारासिंगचा मान त्यात आहे. आप्पा असते तर ते यावर नक्की भांडले असते, कारण त्यांच्या मते दारासिंगनं त्याला खरंच पाडला. त्यांची बाजू मांडायला मी मामाला बोलावलंय. तोही तालमीतला आहे आणि सहजासहजी मानणारा नाही.